लॅन, स्विच, राउटर आणि केबल: ठाणे–नवी मुंबईतल्या छोट्या ऑफिसांचे नेहमीचे प्रश्न

वागळे इस्टेटमधले गाळे, नौपाड्यातली सीए आणि वकिलांची ऑफिसं, कोपरखैरण्यातले क्लासेस, तुर्भ्याच्या मार्केट यार्डातली व्यापाऱ्यांची दुकानं. नेटवर्कचं काम करताना सगळीकडे प्रश्न जवळपास तेच येतात आणि गोंधळही एकाच ठिकाणी होतो. ऑफिसातले कम्प्युटर एकमेकांना जोडणं हे एक काम, आणि ते जाळं बाहेरच्या इंटरनेटला जोडणं हे दुसरं. दोन्ही कामं भिंतीवरच्या एकाच डब्यातून होताना दिसतात, म्हणून ती एकच वाटतात. पुढचं वाचताना हा फरक मनात ठेवा. बरेचसे बिघाड मग तुमचे तुम्हालाच ओळखता येतील.

इंटरनेट गेलं की आमचं टॅलीही बंद पडतं. असं व्हायला हवं का?

नाही. टॅलीचा डेटा तुमच्याच ऑफिसातल्या एका कम्प्युटरवर असेल, तर बाकीच्या टेबलांवरून तो उघडायला इंटरनेट लागत नाही. बाहेर रस्ता खोदताना फायबर तुटली तरी आत बिलं निघाली पाहिजेत, प्रिंट आली पाहिजे, शेअर केलेलं फोल्डर उघडलं पाहिजे. लोकल एरिया नेटवर्क, म्हणजे लॅन, स्वतःच्या पायावर उभं असतं. (डेटा क्लाउडवर ठेवला असेल तर गोष्ट वेगळी.)

तरीही बंद पडत असेल तर बहुधा सगळे कम्प्युटर नेटवाल्याने दिलेल्या डब्याच्या वायफायवर आहेत. नेट गेलं की कोणीतरी उठून तो डबा बंद-चालू करतं, आणि तेवढा वेळ आतलं जाळंही तुटतं. टॅलीचा कम्प्युटर, प्रिंटर आणि रोजच्या कामाची टेबलं वेगळ्या स्विचवर (अनेक केबल एकत्र जोडणारा डबा) केबलने जोडा. मग डबा बंद असला तरी आतला व्यवहार थांबणार नाही.

मोडेम, ओएनटी, राउटर, स्विच, अ‍ॅक्सेस पॉइंट ही नावं ऐकतो, पण आमच्याकडे तर एकच डबा आहे.

त्या एका डब्यात पाच कामं भरलेली आहेत. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाच्या संकेतांचे विजेचे संकेत करणारा भाग म्हणजे ओएनटी. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड यायचं तेव्हा त्या टोकाला मोडेम असायचा, म्हणून अजूनही बरेच जण सगळ्या डब्याला मोडेमच म्हणतात. त्याच्यापुढे राउटर: तुमचं जाळं आणि बाहेरचं जाळं यांच्या वेशीवर बसून पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, इकडून तिकडे पाठवणारा. मागच्या बाजूचे तीन-चार लॅन पोर्ट म्हणजे एक छोटा स्विच. अँटेनांचा भाग म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट, जो तारेवरचं जाळं हवेतून फोन-लॅपटॉपपर्यंत नेतो. पाचवं काम डीएचसीपी सर्व्हरचं. जोडणाऱ्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा नंबर) वाटून देणारा हा प्रोग्राम आहे, त्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही.

घराला हा डबा पुरतो. दहा टेबलांच्या ऑफिसला पुरत नाही. पोर्ट कमी पडतात, वायफायचा आवाका कमी पडतो आणि डब्याची जागा तुमच्या सोयीने ठरत नाही, फायबर भिंतीतून जिथे आत आली तिथेच तो टांगला जातो. तिथून एक केबल काढून वेगळ्या स्विचला द्यायची आणि सगळं ऑफिस त्या स्विचवर उभं करायचं, हा माझा नेहमीचा सल्ला.

हब आणि स्विच दिसायला सारखेच. मग फरक काय?

हब काहीही वाचत नाही. एका पोर्टवर आलेला संकेत तो जसाच्या तसा बाकी सगळ्या पोर्टांवर सोडतो. ज्यांच्यासाठी तो नव्हता त्यांनाही मिळतो आणि ते तो टाकून देतात. दोघांनी एकाच वेळी पाठवलं तर संकेत एकमेकांवर आदळतात, मग दोघांनीही थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं. १०० एमबीपीएसचा हब असेल तर ते १०० सगळ्यांत मिळून वाटले जातात.

असं यंत्र मुळात बनलंच का, याला कारण आहे. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची (तारेने कम्प्युटर जोडायची आज सर्रास वापरली जाणारी पद्धत) कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर ते बांधलं, तेव्हा सगळे कम्प्युटर एकाच कोअ‍ॅक्सिअल केबलला जोडलेले असत. केबल सामायिक, म्हणून एका वेळी एकानेच पाठवायचं. पुढे प्रत्येक टेबलापर्यंत वेगळी तार आली, तरी हबच्या पोटात तीच सामायिक केबल राहिली.

स्विच मात्र आलेली प्रत्येक फ्रेम, म्हणजे डेटाचं पत्ते लिहिलेलं पाकीट, उघडून तिच्यावरचे दोन पत्ते वाचतो: कोणाकडून आणि कोणाकडे. 'कोणाकडून'वरून तो शिकतो. पोर्ट तीनवरून अमुक मॅक पत्त्याची (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) फ्रेम आली, म्हणजे तो कम्प्युटर पोर्ट तीनवर आहे, ही नोंद त्याच्या तक्त्यात जाते. 'कोणाकडे'वरून तो ठरवतो. तक्त्यात नोंद असेल तर फ्रेम नेमकी त्याच पोर्टवर, नसेल तर आलेलं पोर्ट सोडून बाकी सगळीकडे. समोरून उत्तर आलं की तीही नोंद होते. बराच वेळ एखाद्या कम्प्युटरकडून काहीच आलं नाही तर नोंद पुसली जाते. बहुतेक स्विचवर ही मुदत पाच मिनिटांची असते. म्हणूनच तुम्ही केबल एका पोर्टवरून काढून दुसऱ्यावर लावली तरी काही सेट न करता काम सुरू होतं.

याचा मोठा फायदा असा की पोर्ट एक आणि दोनचं संभाषण चालू असताना तीन आणि चारचंही पूर्ण वेगाने चालतं, आणि पाठवणं-घेणं एकाच वेळी होतं. असा पहिला इथरनेट स्विच १९९० मध्ये कल्पना या अमेरिकी कंपनीने आणला. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. आज ऐरोली–महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत जे प्रचंड स्विच बसतात ते खूप जास्त जाणतात, पण पत्ता शिकायचा आणि त्याप्रमाणे पोर्ट निवडायचं हे मूळ काम तेच आहे.

जुन्या गाळ्यात पोटमाळ्यावर अजून हब चालू असेल तर काढून टाका. पाच पोर्टांचा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच बसवायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

मॅक पत्ता आणि आयपी पत्ता, असे दोन पत्ते कशाला?

एक उदाहरण शेवटपर्यंत बघू. तुमचा कम्प्युटर १९२.१६८.१.१२, प्रिंटर १९२.१६८.१.५० आणि राउटर १९२.१६८.१.१. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असतील ते सगळे आपल्याच जाळ्यातले.

तुम्ही प्रिंट दिली. कम्प्युटर आधी मास्क लावून बघतो: प्रिंटर आपल्याच जाळ्यात आहे. पण स्विचला आयपी पत्ता कळत नाही, त्याला मॅक लागतो. मॅक म्हणजे नेटवर्क कार्डला कारखान्यातच मिळालेला ४८ बिटांचा क्रमांक, ज्याचे पहिले २४ बिट कंपनी कोणती ते सांगतात. म्हणून कम्प्युटर सगळ्या जाळ्याला विचारतो, '१९२.१६८.१.५० कोणाचा आहे?' हा एआरपीचा प्रश्न. तो सगळ्यांपर्यंत जातो, उत्तर मात्र एकटा प्रिंटर देतो, स्वतःच्या मॅकसह. त्यानंतर प्रिंटच्या सगळ्या फ्रेम थेट प्रिंटरच्या पोर्टवर जातात. राउटरचा यात काहीही संबंध आलेला नाही.

आता तुम्ही एखादी वेबसाइट उघडली. तिचा आयपी आपल्या जाळ्यातला नाही. मग कम्प्युटर त्या साइटच्या यंत्राचा मॅक शोधतच नाही, तो राउटरचा मॅक विचारतो, कारण बाहेर जायचं दार, म्हणजे गेटवे, राउटरच असतो. पॅकेटवर आयपी पत्ता साइटचा आणि फ्रेमवर मॅक राउटरचा. राउटर फ्रेम उघडतो, आतलं पॅकेट बाहेर काढतो आणि पुढच्या टप्प्याची नवी फ्रेम चढवून रवाना करतो. मॅक टप्प्याटप्प्याला बदलत जातो, मुक्कामाचा आयपी तोच राहतो. दोन पत्त्यांचं कारण हे. कॉलेजात हा धडा घाईत उरकला जातो असं मला नेहमी वाटतं. हा नीट समजला की गेटवे, सबनेट, राउटर ही सगळी नावं आपोआप जागेवर बसतात.

आमचा राउटर १९२.१६८.१.१, शेजारच्या ऑफिसचाही तोच. गडबड होत नाही का?

होत नाही. हे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे असे तीन गट १९९६ च्या नियमाने कोणालाही आपल्या जाळ्यात वापरायला मोकळे आहेत. आतला आयपी फ्लॅट नंबरसारखा असतो: ३०२ तुमच्या सोसायटीतही आहे आणि समोरच्याही, आणि दोन्ही ठिकाणी तो बरोबरच आहे. बाहेर जाताना राउटर पॅकेटवरचा आतला पत्ता काढून स्वतःचा बाहेरचा पत्ता लावतो आणि उत्तर कोणाला द्यायचं ते लक्षात ठेवतो. याला नॅट म्हणतात.

इथे एक अडचण बरेच जण विचारतात. घरून दुकानाचा कॅमेरा बघायचा म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी आतल्या ठरलेल्या यंत्राकडे वळवणं) केलं, तरी दिसत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर नेटवाल्याने स्वतःच्या पातळीवर आणखी एक नॅट लावलेला आहे आणि बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत थेट वाट नाही. नेटवाल्याकडून स्थिर सार्वजनिक आयपी घ्या किंवा कॅमेरा कंपनीच्या क्लाउड अ‍ॅपमधून बघा.

कम्प्युटरवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतोय.

डीएचसीपीकडून पत्ता मिळाला नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक घेतला. केबल, स्विचचं पोर्ट आणि राउटर चालू आहे का, याच क्रमाने तपासा. प्रिंटर, टॅलीचा कम्प्युटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांना मात्र राउटरमध्ये ठरावीक पत्ता राखून ठेवा किंवा वाटपाच्या टप्प्याबाहेरचा पत्ता हाताने द्या. प्रिंटरचा पत्ता बदलला की सगळ्या टेबलांवर प्रिंट अडते, आणि दोष प्रिंटरला दिला जातो.

घरातला जुना वायफाय राउटर ऑफिसात वाया घालवायचा नाही. लावला तर चालेल?

चालेल, पण आधी त्यातलं डीएचसीपी बंद करा. त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ असा मुख्य राउटरपेक्षा वेगळा करा, आणि केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. आता तो राउटर राहिला नाही. तो स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट झाला, आणि तुम्हाला तेवढंच हवं होतं.

डीएचसीपी चालू ठेवून लॅन पोर्टला जोडला तर एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोघं होतात. काहींना खरा गेटवे मिळतो, काहींना या जुन्या राउटरचा, ज्याच्यापुढे इंटरनेटच नाही. सकाळी चार कम्प्युटर चालतात, दुपारी त्यातले दोन अडतात, रीस्टार्ट केल्यावर तिसराच अडतो. ऑफिसात असा लहरी त्रास सुरू झाला की माझा पहिला प्रश्न असतो: अलीकडे कोणी नवीन डबा लावला का?

क्लासमध्ये अचानक सगळे कम्प्युटर अडकले आणि स्विचचे सगळे दिवे एकदम लपलपतायत.

एखाद्या केबलची दोन्ही टोकं जाळ्यातच लागलेली आहेत का ते शोधा. एकाच स्विचच्या दोन पोर्टांत, किंवा दोन स्विचमध्ये एकाऐवजी दोन केबल. दिवाळीच्या साफसफाईनंतर हे हमखास होतं. टेबलाखाली एक मोकळं टोक लोंबताना दिसतं आणि कोणीतरी चांगल्या मनाने ते रिकाम्या पोर्टात लावून टाकतं.

एआरपीसारखा सगळ्यांसाठीचा प्रश्न स्विच सगळ्या पोर्टांवर पाठवतो. वर्तुळ असलं की तोच प्रश्न फिरून पुन्हा स्विचकडे येतो, पुन्हा सगळीकडे जातो, पुन्हा येतो. आयपी पॅकेटवर आयुष्य मोजणारा एक आकडा असतो, जो प्रत्येक राउटरपाशी एकाने कमी होतो आणि शून्याला पॅकेट संपतं. इथरनेट फ्रेमवर असा आकडाच नाही. त्यामुळे फ्रेम मरत नाही, तिच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत जाळं भरून जातं.

यावरचा उपाय १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या राडिया पर्लमन यांनी शोधला. स्पॅनिंग ट्री म्हणजे स्विचने एकमेकांत निरोप देऊन वर्तुळ ओळखायचं आणि त्यातली एक वाट स्वतःहून बंद ठेवायची. चालू वाट तुटली तर बंद ठेवलेली उघडायची. मॅनेज्ड स्विचमध्ये, म्हणजे ज्याची सेटिंग बदलता येतात अशा स्विचमध्ये, हे असतं. बाजारात मिळणाऱ्या साध्या स्वस्त स्विचमध्ये सहसा नसतं, म्हणून तिथे हातानेच केबल एक-एक काढत जावं लागतं. जी काढल्यावर दिवे शांत होतात ती दोषी.

मग मॅनेज्ड स्विच घ्यावा का?

पाच-सात कम्प्युटर असतील तर साधा पुरतो. क्लास, दवाखाना किंवा वर्दळीचं ऑफिस असेल, जिथे येणाऱ्यांना वायफाय द्यायचं आहे, तिथे थोडे पैसे जास्त घाला. त्यात व्हीलॅन करता येतं, म्हणजे एकाच स्विचवर पाहुण्यांचं जाळं वेगळं आणि हिशेबाचं वेगळं. रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या दवाखान्यात मी याचा आग्रहच धरतो. वेटिंग रूममधला फोन आणि नोंदींचा कम्प्युटर एकाच जाळ्यात असू नयेत.

प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, पण एका टेबलावर ९५ च्या वर जात नाही.

९५ च्या आसपास अडकणं ही खूण आहे: ती जोडणी १०० एमबीपीएसवर बसली आहे. नेटवाल्याला फोन करण्याआधी आत बघा. मधला एखादा स्विच जुना १०/१०० असेल, नाहीतर केबल.

केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. क्रिम्पिंग करताना, म्हणजे टोकाला जॅक दाबून बसवताना, निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार नीट बसली नाही, तर कार्ड आणि स्विच आपापसात १०० वर तडजोड करतात आणि काम चालू ठेवतात. जाळं तुटत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातही येत नाही. विंडोजमध्ये इथरनेटच्या स्टेटसमध्ये स्पीड १०० दिसतोय की १ जीबीपीएस, एवढं बघा. १०० असेल तर दोन्ही टोकं कापून नवीन आरजे ४५ जॅक मारा. क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्लिप खाली आणि पिना वर धरल्या की डावीकडून हाच क्रम दिसला पाहिजे. निळी जोडी मध्ये आणि हिरवी तिच्या दोन्ही बाजूंना विभागलेली, हे मुद्दाम आहे. रंगांच्या जोड्या सरळ ओळीने लावणारे वायरमन भेटतात. तसं केलं की एका जोडीचा पीळ दुसऱ्या संकेताला मिळतो आणि लांब केबलवर चुका वाढतात. साधा टेस्टर अशा वेळी सगळे दिवे हिरवे दाखवतो, म्हणून डोळ्यांनी बघणंच खरं.

केबल कोणती घ्यायची? दुकानात किमतीत दुपटीचा फरक सांगतात.

कॅट ६, शुद्ध तांब्याची. गिगाबिटला कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत पुरते, पण भिंतीतून, फॉल्स सीलिंगमधून जाणारी केबल पुन्हा बदलणं फार त्रासाचं, म्हणून एकदाच चांगली टाका. पुढेमागे १० जीबीपीएस लागलं तर कॅट ६ साधारण ५५ मीटरपर्यंत तेही नेते, आणि पूर्ण १०० मीटरला कॅट ६ए लागते.

स्वस्त बंडल बहुतेक वेळा सीसीएचं असतं: आत अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ थर. ब्लेडने तार हलकी खरवडली की चंदेरी रंग दिसतो, आणि बंडल उचलताना हलकं लागतं. त्याचा विजेला विरोध जास्त, तार वाकवताना लवकर तुटते, आणि केबलमधूनच वीज द्यायची असेल तर ती तापते. स्विच, राउटर पाच-सात वर्षांत बदलले जातात, भिंतीतली केबल त्याहून कितीतरी जास्त राहते. पैसे वाचवायचेच असतील तर डब्यात वाचवा, तारेत वाचवू नका.

आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लिहा. टाकतानाच.

मागच्या गल्लीतला दुसरा गाळाही आम्ही घेतला. बाहेरून केबल नेऊ का?

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल शक्यतो नको. पहिली अडचण अंतराची: पॅच कॉर्डसकट १०० मीटरची मर्यादा आहे. दुसरी, दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो आणि पावसाळ्यात वीज जवळपास कुठे कोसळली तर ती तार दोन्हीकडचे स्विच एकदम जाळू शकते. बाहेरची फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) किंवा एसएफपी, म्हणजे फायबर जोडायचं, पोर्ट असलेला स्विच लावा. काच वीज वाहून नेत नाही, आणि अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. फायबरही अशी निवडा जिच्यात आधारासाठी धातूची तार नाही. सार्वजनिक रस्ता ओलांडायचा असेल तर महापालिकेची परवानगी लागते, ती आधी घ्या.

एकाच इमारतीत गच्चीवरून केबल उतरवायची असेल तर काळ्या बाह्य आवरणाची घ्या. आतली करडी किंवा निळी केबल उन्हाने फुटते आणि पाणी पितं तिचं आवरण. भिंतीतून आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळापाशी गळून पडतं आणि स्विचपर्यंत पोचत नाही. कोपरी, कळवा, ऐरोली, वाशी अशा खाडीकाठच्या भागांत दमट खारी हवा पिनांना काळपट करते. उघड्यावरचे जोड बंद पेटीत ठेवा आणि पावसाळा संपला की एकदा काढून बघा. केबल लिफ्टच्या डक्टमधून नेऊ नका, आणि विजेच्या तारांबरोबर एकाच पट्टीत कोंबू नका.

एवढं कशाला? वायफायने भागणार नाही का?

फोन आणि लॅपटॉपला भागेल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. वायफायमध्ये हवा सामायिक आहे, एका चॅनेलवर एका वेळी एकानेच पाठवायचं. वर सांगितलेली हबची जुनी अडचण इथे परत येते, आणि हवेत शेजारचीही गर्दी असते. घोडबंदर रोडच्या किंवा घणसोलीच्या टॉवरमध्ये फोनवर वायफायची यादी उघडून बघा, वीस-पंचवीस नावं सहज दिसतील. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न छेदणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. तेवढ्यात सगळे.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा खूप जास्त आहे. भारतात २०१८ साली त्यातला मोठा पट्टा परवान्याविना खुला झाला. पण त्या लहरी आरसीसी भिंतीला लवकर थकतात. म्हणून एक ताकदवान राउटर कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा केबलने जोडलेले दोन साधे अ‍ॅक्सेस पॉइंट छताला मधोमध लावलेले बरे.

जे जागेवरून हलत नाही ते तारेवर: डेस्कटॉप, प्रिंटर, सर्व्हर, कॅमेरे, टीव्ही. हवा फिरणाऱ्यांसाठी मोकळी ठेवा.

रिपीटर लावला तर?

एकाच रेडिओचा रिपीटर घेतलेलं सगळं त्याच चॅनेलवर पुन्हा पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. केबल नेणं अगदीच अशक्य असेल, भाड्याच्या जागेत मालक भोक पाडू देत नसेल, तरच.

कॅमेऱ्यांना वेगळी वीज न देता एकाच केबलने काम होतं म्हणे?

होतं. पीओई स्विच डेटाच्या केबलमधूनच वीज देतो. ८०२.३एएफ प्रमाणात स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देतो, ८०२.३एटीमध्ये ३० वॅटपर्यंत. देण्याआधी तो पलीकडे वीज घेणारं यंत्र आहे का ते तपासतो, त्यामुळे चुकून लॅपटॉप जोडला तरी जळत नाही. ही तपासणी न करणारे 'पॅसिव्ह' पीओईचे अडॅप्टरही स्वस्तात मिळतात. ते ज्या यंत्राबरोबर आले त्यालाच लावा, दुसऱ्या कशालाही नाही.

घेताना पोर्ट मोजण्याबरोबर स्विचचं एकूण वॅटेज बघा. आठ पोर्टांचा पण एकूण ६० वॅटचा स्विच आठही पोर्टांना प्रत्येकी १५ वॅट देऊ शकणार नाही. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांमुळे कॅमेऱ्यांची मागणी वाढते, आणि दिवसा ठीक चालणारे कॅमेरे अंधार पडल्यावर एक-एक करून बंद होतात. ही खूण दिसली तर आधी वॅटची बेरीज करा.

इन्व्हर्टर आहे, तरी वीज गेली की नेट जातं.

नेटचा डबा इन्व्हर्टरवर असतो आणि पोटमाळ्यावरचा स्विच साध्या सॉकेटवर राहून जातो. फायबर आत येते तिथपासून तुमच्या टेबलापर्यंत वाटेतला प्रत्येक डबा बॅकअपवर हवा. स्विच फार थोडी वीज खातो, छोटा यूपीएस त्याला बराच वेळ पुरतो.

काहीच चालत नाही. सुरुवात कुठून करायची?

आतून बाहेर. आधी स्विचवर तुमच्या पोर्टचा दिवा लागला आहे का. नसेल तर केबल किंवा पोर्ट. असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग देऊन स्वतःचा पत्ता आणि डिफॉल्ट गेटवे बघा. मग त्या गेटवेला पिंग करा, म्हणजे 'आहेस का?' असा छोटा निरोप पाठवा. उत्तर आलं तर तुमचं लॅन राउटरपर्यंत ठीक आहे. मग ८.८.८.८ ला (गूगलचा बाहेरचा सर्व्हर) पिंग. इथे उत्तर नसेल तर दोष राउटरच्या पलीकडे आहे. ओएनटीवर लाल दिवा दिसतोय का बघा, तो सहसा फायबर तुटल्याचं सांगतो. ८.८.८.८ उत्तर देतो पण वेबसाइट नावाने उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून बघा.

नेटवाल्याला फोन करताना 'नेट चालत नाही' असं न सांगता 'गेटवेला पिंग जातं, पुढे जात नाही, ओएनटीवर लाल दिवा आहे' असं सांगा. मग 'राउटर बंद-चालू करून बघा' हा टप्पा गळतो आणि माणूस थेट फायबरचं सामान घेऊन येतो.

मी डिप्लोमाला आहे. हे सगळं हाताने करून बघायचं तर काय लागेल?

दोन जुने कम्प्युटर, पाच पोर्टांचा स्विच, थोडी केबल, क्रिम्पिंगची पक्कड आणि टेस्टर. राउटर मुद्दाम लावू नका. दोन्ही कम्प्युटरना हाताने पत्ते द्या, १०.०.०.१ आणि १०.०.०.२, मास्क २५५.२५५.२५५.०. वायरशार्क हा जाळ्यातली ये-जा दाखवणारा प्रोग्राम फुकट मिळतो, तो एका कम्प्युटरवर चालू करा आणि तिथून दुसऱ्याला पिंग करा. पिंगच्या आधी एआरपीचा प्रश्न सुटताना आणि एकच उत्तर येताना दिसेल. विंडोजच्या फायरवॉलने पिंग अडवलं असेल तरी एआरपीचं उत्तर येतंच, तेही बघून ठेवा. मग दुसऱ्या कम्प्युटरचा पत्ता १०.०.१.२ करा आणि पुन्हा पिंग द्या. केबल तीच, स्विच तोच, दिवे तसेच लागलेले, तरी या वेळी तुमचा कम्प्युटर समोरच्याबद्दल प्रश्नसुद्धा विचारणार नाही, कारण त्याच्या हिशेबाने तो परक्या जाळ्यात गेला आहे. आता दोघांच्या मध्ये राउटर ठेवा, दोन्हीकडे गेटवे भरा आणि फ्रेमवर कोणाचा मॅक आहे ते वाचा.